थोरलीच्या गाडीतला आवाज

ट्रॉलीला गाडी धडकली तेव्हा आवाज फारसा झालाच नाही. माजलगावच्या अलीकडे, कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर पुढे रांगत होता आणि मी त्याच्या मागे दुसऱ्या गियरमध्ये. तो थांबला. मीही ब्रेक दाबला, पण जरासा उशिरा. ट्रॉलीची मागची लोखंडी पट्टी गाडीच्या नाकाला लागली, चार-सहा ऊस बॉनेटवर घरंगळले आणि ट्रॅक्टरवाला काहीच न कळता पुढे निघूनही गेला. त्याच्याकडे मोठ्यानं गाणं चालू होतं. मी स्टिअरिंग धरून बसून राहिले. शेजारी माझे यजमान, शिवशंकर. मग त्यांचा हात हलला. मला वाटलं आता खांद्यावर ठेवतील, लागलं का विचारतील. हात डॅशबोर्डवर गेला. ताप आलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा त्यांनी तळवा फिरवला आणि म्हणाले, "ऋतुजाच्या हातून हिला ओरखडा न्हवता." हिला म्हणजे गाडीला, हे मला कळत होतं. मी उतरून बॉनेटवरचे ऊस कडेला टाकले.

गाडी ऋतुजाची. ऋतुजा म्हणजे ह्यांची पहिली बायको, काविळीनं गेली. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेली ही पांढरी गाडी. आता तिचं मॉडेल बंद पडलंय, सुटे भाग मिळवायला वणवण करावी लागते, पण विकायचं नाव कोणी काढत नाही. मी बिजवराला दिलेली. वडील अंथरुणाला खिळलेले, घरात कमावती मीच, त्यामुळे माझं लग्न लांबत गेलं आणि शेवटी दिंद्रुडच्या ह्या घरी येऊन थांबलं. लग्नाच्या दिवशी मंगळसूत्राच्या आधी सासूबाईंनी माझ्या गळ्यात टाक घातला. नखाएवढं सोन्याचं पान, त्यावर ठोकून काढलेली एक बाई. दुसरेपणाच्या बायकोला पहिलीचा टाक घालायचा, आमच्याकडे तशी रीतच आहे. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाला पहिला घास तिच्या नावानं बाजूला काढायचा. तिला सगळे थोरली म्हणतात आणि मला धाकटी. ती अठ्ठाविसाव्या वर्षी गेली, मी चौतीस वर्षांची आहे, आणि धाकटी मी. मी दवाखान्यात नर्स आहे, मेलेली माणसं मी ह्याच हातांनी पुसून कपड्यात गुंडाळलेली आहेत, मला भुताखेतांची भीती नाही. भीती वाटली असती तर बरं झालं असतं. भीतीवर अंगारा तरी असतो. मला तिचा हेवा वाटतो. सरळ सांगते, मला ती सहन होत नाही, आणि ती समोर नसल्यामुळे तर मुळीच सहन होत नाही. समोर असती तर कधीतरी ती पोळी करपवताना दिसली असती, कुणावर तरी करवादताना दिसली असती.

गाडीला मी हात लावला तो गरज म्हणून. माझी बदली अंबाजोगाईला झाली. माजलगावला होते तोवर एसटीनं निभत होतं. अंबाजोगाईला दोन ठिकाणी गाडी बदलायची आणि ड्यूटीच्या वेळेला त्यातली एकही धड नाही. महिन्याभरानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. एक तर गाडी शिकायची, नाहीतर नोकरी सोडून ह्यांच्या खत-बियाण्याच्या दुकानात पोत्यांवर नजर ठेवत बसायचं. सासूबाईंना दुसरं पसंत होतं. हे मात्र म्हणाले, शिकवतो. किल्ली हातात देताना त्यांचा अंगठा किल्लीवर जरा रेंगाळला, तेवढं मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. महिनाभर शिकत होते. "क्लच अलगद सोड, ती अलगद सोडायची," असं एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्या दिवशी गाडी माझ्या हातून सात ठिकाणी बंद पडली. आरशात मागचा रस्ता बघायला गेले की मला तिचे डोळे आठवायचे, भिंतीवरच्या फोटोतले. सीट पुढे ओढावी लागायची. तिचे पाय लांब होते म्हणे.

धडकेनंतर गाडी मीच चालवत घरी आणली, पार फाटकापर्यंत. आमचं घर गावाच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, आणि छबुबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवसभर ओट्यावर असतात. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, सगळं त्यांना ओट्यावरून दिसतं. मी हँडब्रेक ओढला नव्हता तोवर हे दार उघडून खाली उतरले आणि म्हणाले, "माय, हिनं ठोकली."

इतकंच. त्यात खोटं काही नव्हतं. पण किती घाई होती त्यांना खरं सांगायची.

"वाटलंच मला," छबुबाई म्हणाल्या. त्यांनी खाली येऊन वाकडी नंबरप्लेट चाचपली. "माज्या ऋतुजाच्या हातून कदी येक रेघ उठली न्हाई. शिवानंच येकदा बाभळीला घातलती, ह्येचं ध्यानच नसतंय. पर पोरीच्या हातून? कदीच न्हाई." ही बाभळीची गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. घरात पाहुणे आले की चहाबरोबर ती येतेच. कुणीतरी ह्यांना चिडवतं, 'शिवशंकरराव, बाभूळ दिसली की सांगा बरं,' आणि हे खाली मान घालून हसतात. मला ते हसणं आवडायचं. ह्या घरात तिच्या मानानं कमी पडणारं दुसरंही कुणी आहे, असं वाटून बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली आणि थोड्या वेळानं तो आवाज आला. कट्-कट्-कट्-कट्, बारीक, घाईघाईचा, सुपारी कातरल्यासारखा. ह्यांचा चेहराच उतरला. त्यांनी बॉनेट उघडलं, आतून लांब पेचकस आणला, त्याचं टोक इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. जुने मिस्त्री असंच करतात, आतला आवाज मुठीतून कानात येतो. त्यांनी डोळे मिटले. टोक इकडे टेकव, तिकडे टेकव, पट्ट्याजवळ, वरच्या झाकणावर, खालच्या बाजूला. प्रत्येक ठिकाणी श्वास धरून ऐकायचं. मी पदराला हात पुसत दारात उभी होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. दीड वर्ष झालं लग्नाला. मी दिवसभराच्या ड्यूटीहून येऊन काही सांगायला लागले की हे मोबाइलवर भाव बघत हं-हं करतात. वॉर्डात एक बाई माझा हात धरून गेली त्या संध्याकाळी मी जेवता जेवता रडले, तर म्हणाले, भाजीत मीठ कमी हाय का? आणि इथे? इथे ह्यांना कानच कान. मला एकदम वाटलं की ते इंजिन ऐकतच नाहीयेत, त्यांना तिथे दुसरंच काही ऐकू येतंय, त्या पत्र्याच्या आत, आणि माझ्या धडकेनं ते बिघडलं म्हणून त्यांच्या जिवाची एवढी घालमेल आहे. मी विचारलं, "काय म्हणतीय?" त्यांनी डोळे न उघडता हातानं मला गप्प राहायची खूण केली.

चार दिवस हेच. सकाळी दुकान उघडायच्या आधी पेचकस, संध्याकाळी दुकान बंद केल्यावर पेचकस. आवाज कधी येई, कधी जाई. हे म्हणत इंजिनच गेलं असंल आतून, हादऱ्यानं. सोमवार जवळ येत होता आणि गाडीची किल्ली पुन्हा ह्यांच्या खिशात गेली होती. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "माला, आता गाडीचंच खरं न्हाई. तू येक अर्ज देऊन बघ की, बदली थांबती का." इतक्या मवाळपणे म्हणाले की भांडताही येईना. छबुबाईंनी मात्र निदान केव्हाच करून टाकलं होतं. "तिची गाडी हाय. तिला न विचारता हात लावला, तिला आवडलं न्हाई. तिला विचार. टाक धू, नारळ फोड, म्हनावं चुकलं माझं."

आणि मी केलं. हे लिहितानाही कान तापतात. शनिवारी सकाळी अंघोळ करून गाडीपुढे पाट मांडला. गळ्यातला टाक काढून तांब्याच्या ताम्हनात ठेवला, दुधानं धुतला, पाण्यानं धुतला, कुंकू लावलं. गाडी चालू ठेवली होती, कारण छबुबाई म्हणाल्या तिला बोलू दे. कट्-कट् चाललंच होतं. मी हात जोडून म्हणाले, चुकलं माझं. कुणाची माफी मागतेय मी? जिनं माझं काही बिघडवलं नाही तिची, आणि जिनं माझं सगळं आधीच घेऊन टाकलंय तिची. नारळ फोडला. आणि नारळ फुटायला आणि आवाज थांबायला एकच गाठ पडली. इंजिन एकदम शांत, गुळगुळीत चालू लागलं. छबुबाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले, "पावली गं बाई, पावली." ह्यांच्याकडे पाहिलं तर ह्यांचे डोळे भरलेले. इतकं उघडं सुख मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं, आमच्या लग्नाच्या फोटोतही नाही. त्या क्षणी मी तिच्यावर जितकी जळले तितकी कधीच नाही. मेल्यावरसुद्धा बोलते, रुसते, मानते. आणि मी जिवंत बाई दुधाचे हात घेऊन पाटावर बसलेली, माझ्याकडे बघायला कुणाला सवड नाही. टाक परत गळ्यात घातला. ओला होता, गार लागला.

मी तिथेच बसून राहिले, रागानं. म्हणून मला कळलं. हे दोघं खोबरं घेऊन आत गेले आणि थोड्या वेळानं कट्-कट् पुन्हा सुरू झालं. मग पुन्हा थांबलं. पुन्हा सुरू. ताप मोजायची सवय आहे मला. चढतो कधी, उतरतो कधी, हे बघत बसणं माझं कामच. मी डॅशबोर्डवरचा, इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा पाहिला. काटा वर गेला की आवाज, खाली आला की गप्प. थोरलीला राग-लोभ काही नव्हता. गाडी तापली की काहीतरी सुरू होत होतं आणि निवली की बंद होत होतं. मी ह्यांना हाका मारून दाखवलं. ते बराच वेळ काट्याकडे बघत राहिले, आणि मला त्यांची दया आली असं म्हणायला हवं, पण नाही आली. मला आनंद झाला. "बंकटकडं नेऊ," ते म्हणाले. आवाजात दम नव्हता.

बंकट म्हणजे माजलगाव रोडचा मिस्त्री, ह्या गाडीची सगळी कामं त्याच्याकडेच. त्याच दुपारी गेलो. मी त्याला काट्याचं सांगितलं तसा तो म्हणाला, "मंग पंखाच, वहिनी. दुसरं काय न्हाई." रेडिएटरमागचा विजेचा पंखा गाडी तापली की आपोआप फिरतो, धडकेनं रेडिएटर मागे सरकला होता आणि पंख्याचं पातं त्याच्या प्लास्टिकच्या कव्हरला घासत होतं. इंजिनाला काही झालंच नव्हतं. कव्हर फुटलं होतं, ते आणायला हे बंकटच्या मोटरसायकलवर गावात गेले. मी टायरच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसले. बंकट गाडीखाली शिरला आणि तिथूनच बोलायला लागला.

"एवढ्याशा ठोकीनं रेडिएटर हालायचा न्हाई खरं. पर हितलं जुनं वेल्डिंग सुटलंय. मीच मारलतं. बाभळीच्या टायमाचं."

"ह्यांनी घातली होती ती."

"कुनी, मालकानी?" तो गाडीखालून हसला. "न्हाई ओ. थोरल्या वहिनी चालवत हुत्या. लई रडत आल्या हितं. मालक म्हनले, बंकट, घरी कुनाला बोलायचं न्हाई, मी ठोकली म्हनून सांगतो. माय हिला परत गाडी द्यायची न्हाई न्हाईतर." मग पाना थांबला. "तुमाला ठाव नव्हतं का?"

मी म्हणाले, ठाऊक होतं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

पहिल्यांदा आला तो आनंदच, आणि तो काही चांगल्या जातीचा नव्हता. ठोकली होती तर! तिनंही ठोकली होती, रडत आली होती, नाक लाल करून ह्याच स्टुलावर बसली असेल. तिच्या हातून ओरखडा नाही म्हणे. मला वाटलं आता ती माझ्याएवढी झाली. पण तो आनंद घोटभरही टिकला नाही. कारण मग मला बाभळीची गोष्ट आठवली, आणि ती सांगताना सगळे हसायचे ते, आणि ह्यांची खाली घातलेली मान. शंभर वेळा. ती होती तोवर समजू शकते. पण ती गेल्यावरही? ती गेल्यावर कुणासाठी झाकायचं होतं? गाडी काढून घेणार होतं कोण तिच्याकडून? तरी हा माणूस पाहुण्यांपुढे वेंधळा ठरत राहिला, दरवेळी, चहाच्या प्रत्येक फेरीला, तिच्या नावाला रेघ उठू नये म्हणून. आणि माझ्या वेळी, फाटकात गाडी थांबल्याबरोबर, हँडब्रेक ओढायच्या आत, हिनं ठोकली. फोटोचा हेवा केला मी, लांब पायांचा केला, टाकाचा केला. ते सगळं पोरखेळ होतं. हेवा करण्यासारखी वस्तू आज पहिल्यांदा बघायला मिळत होती. माझ्यासाठी कुणी कधी खोटं बोललं नव्हतं. बापानंही नाही, स्थळं यायची तेव्हा तो वयसुद्धा खरं सांगायचा.

हे गावातून कव्हर घेऊन आले. बंकटनं पट्टी सरळ करून वेल्डिंग मारलं, कव्हर बसवलं, गाडी तापेपर्यंत चालू ठेवली. पंखा सुरू झाला. नुसता वारा, कट्-कट् नाही. ह्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि बॉनेटवर थोपटलं. "झाली पहिल्यासारखी."

"किल्ली द्या," मी म्हणाले. "मी नेते."

"आज ऱ्हाऊ दे, माला. जरा दमानं घेऊ." मग बंकटला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "सोमवारचंबी बघू काहीतरी. माय म्हनती ते येकदम चूक न्हाई."

किल्ली गाडीलाच होती. मी आत बसले, दार लावलं, सीट पुढे ओढली. शांतपणे केलं सगळं. मागे पंक्चर तपासायचा सिमेंटचा हौद होता, तो मी आरशात नीट पाहून घेतला. रिव्हर्स टाकला. क्लच अलगद सोडला, इतका अलगद मला आजवर कधीच जमला नव्हता. हौदातलं पाणी हिंदकळलं, मागचा उजवा दिवा फुटला आणि डिकीला वीतभर पोचा आला. बंकट "अगं आय्या" म्हणाला. हे धावत आले तोवर मी उतरून उभी होते.

"आता घरी सांगा," मी म्हणाले, "ही तुमी ठोकली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बंकटकडे. बंकट पाना पुसू लागला, कधीचा पुसलेलाच होता तो. ह्यांच्या तोंडावर काय काय सरकून गेलं ते मी पाहत राहिले. राग आला, तो गेला. नंतर ते वळून डाव्या बाजूनं आत बसले, माझ्या शेजारी, आणि मी गाडी रस्त्यावर घेतली. उसाच्या ट्रॉल्या आल्या, मी अंतर ठेवून मागून गेले. मला वाटत होतं ते आता ओरडतील, आणि ओरडले तर मी काय काय बोलणार ते सगळं तोंडाशी तयार होतं. त्यातलं काही लागलं नाही. गाव जवळ आलं. पाण्याच्या टाकीचं वळण यायच्या जरा अलीकडे ते म्हणाले, "हितं घे बाजूला. हितून मायला दिसत न्हाई. इकडं सरक तू."

मी गाडी बाजूला घेतली. हात स्टिअरिंगवरच राहिले. त्यांना जागा शोधावी लागली नव्हती. वळण किती लांब, ओट्यावरून काय दिसतं, काय दिसत नाही, कडेला गाडी कुठं मावते, सगळं त्यांना पाठ होतं. "सरक ना," ते म्हणाले. मी गियरवरून पाय घेऊन पलीकडे सरकले, ते पुढून वळसा घालून स्टिअरिंगवर आले, सीट मागे ढकलली, आणि आम्ही घरी आलो.

छबुबाई ओट्यावरून उतरल्या, मागे गेल्या, आणि कपाळावर हात मारला. "आरं, आता माघं कावून फुटली ही?"

"मी ठोकली, माय. रिव्हर्सला ध्यान न्हवतं. हौद दिसलाच न्हाई." खाली मान, ओशाळं हसू. बाभळीचंच हसू, जसंच्या तसं.

"मेल्या, तुज्या डोळ्याला झालंय तरी काय? पुढं बाभूळ, माघं हौद!" त्या माझ्याकडे वळल्या. "माला, सोमवारपासनं तूच ने गं गाडी. ह्येच्याकडं ऱ्हायली तर मोडून खाईल. किल्ली दे रे तिच्याकडं."

त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. अंगठा रेंगाळला नाही. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. नोकरी, गाडी, आणि माझ्यासाठी बोललेलं एक खोटंही. छबुबाई फुटक्या दिव्याच्या काचा वेचत होत्या. हे चपला काढत होते, तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन हलकेच विचारलं, "तिनंही तिथंच थांबवली होती ना गाडी? टाकीच्या वळणावर?"

"कुनी?" ते म्हणाले. तेही त्यांना अगदी सहज जमलं.